मेल्यावर सतरा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे, आणि मेल्यावर सतरा मिनिटं काम केलेला आहे. विश्वास बसत नाही ना? नका ठेवू. या कपाटाच्या खालच्या खणात माझ्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही. मी बोलायला लागलो की सेल नसलेली टॉर्च हसते. टीव्हीचा रिमोट म्हणतो, आधी मेल्याचा दाखला आण. पुंजारामबाबांचा चष्मा तेवढा आपल्या डबीत गप्प पडून असतो. त्यांच्या बायकोच्या, यशोदाबाईंच्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गेल्या महिन्यात तो इथे आला. मोठ्या अदबीनं ऐकतो बिचारा.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते एमजी रोडचं दुकान. तिथे काचेखाली मी असा काही चमकायचो, की शेजारचे महागडे फोन तोंड फिरवून बसत. पुंजारामबाबांनी मला उचललं, कानाला लावलं आणि बंद असलेल्या माझ्यात म्हणाले, "जय भीम, पुंजाराम बोलतोय." तेव्हाच मी त्यांचा झालो.

बाबा इगतपुरीला रेल्वेत सांधेवाले होते. कोणती गाडी कोणत्या रुळावर घालायची हे त्यांच्या हातात. निवृत्त झाल्यावर ते इंदिरानगरला मुलाकडे, धम्मपालकडे, राहायला आले आणि त्यांना नावांचा नाद लागला. आपल्या भावकीतल्या माणसांची नावं, जुन्या पिढ्यांची. "ज्यांची नावं गोदाकाठच्या उपाध्यांच्या चोपड्यांत हायेत, त्यांची हायेत," ते म्हणायचे. "आपली कोणी लिहिली? आता आपणच लिहायची."

मग दर रविवारी एसटी धरून कधी कळवणकडे, कधी इगतपुरीकडे. कोणाच्या तरी ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, "तुझ्या आज्याचा बाप कोण?" उत्तर आलं की एका अंगठ्यानं ते माझ्यात लिहायचं. एकदा अशाच फेरीत मी त्यांच्या खिशातून दारणा धरणात पडलो. तळाशी बसून मी तीन फोन घेतले. त्यातला एक माशाचा होता. हसू नका.

ही सगळी नावं बाबांच्या नातीनं, स्नेहानं, वंशावळीच्या एका खात्यात घालून दिली. माझ्या काचेवर झाड उभं राहिलं. वर पणजे, खाली नातवंडं, चारशे बारा नावं. त्या खात्याला दोन कुलपं होती. पहिलं कुलूप पासवर्डचं. तो बाबांनी यशोदाबाईंकडून पाठ करून घेतला होता. दुसरं कुलूप म्हणजे मी. कोणी नव्या फोनवरून झाडात शिरायला गेलं, की सहा आकडे माझ्यावर उमटणार. ते आकडे तिकडे टाकले तरच दार उघडणार. राखणदाराचा मान होता तो, मित्रांनो.

"आणि फोनच बिघडला तर?" बाबांनी विचारलं होतं.

"त्यासाठी हे दहा जादा आकडे," स्नेहा म्हणाली. "प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर लिहून ठेवा, आजोबा. जिथे तुमचा हात रोज जातो आणि दुसऱ्याचा जात नाही, अशा जागी."

बाबांनी लिहिले, घडी घातली, कुठेतरी ठेवून दिली. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मी असताना कागद कशाला?

यशोदाबाईंना त्यांनी बजावलं होतं, "आकडा आला की तो फक्त आपल्या डोळ्यांचा. पोराला सांगायचा नाय, नातीला नाय." आणि डोळे म्हणाल तर दोघांत चष्मा एकच होता.

यशोदाबाईंचं आणि माझं मात्र कधी जमलं नाही. बाबा तासन् तास माझ्यात डोकं घालून बसायचे म्हणून असेल, त्या मला डबा म्हणायच्या. "अहो, ठेवा तो डबा, जेवण निवतंय." इतकी वर्षं घरात काढली. एकदा तरी त्यांनी मला नीट हाक मारावी असं मला फार वाटायचं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी बाबा त्यांना म्हणाले, "आज झाडात एक नाव घातलंय."

"कोणाचं?"

"उद्या दाखवतो. सकाळच्या उजेडात बघ."

सकाळी साडेपाचला मी गजर वाजवला. बाबांनी कूस बदलली नाही. मी वाजत राहिलो. यशोदाबाई आतून आल्या. "उठा की हो," त्या म्हणाल्या, "तुमचा डबा कधीचा बोंबलतोय."

बाबा उठले नाहीत. थरथरत थरथरत मी खाटेवरून खाली पडलो. काच फुटली. वरची दोन बोटं पट्टी सोडली तर सगळा काळा झालो. पण त्या सकाळी माझ्याकडे कोण बघणार?

आठ महिने मी कपाटात होतो. मग धम्मपालनं आईसाठी नवा फोन आणला. यशोदाबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि एकच विचारलं, "यात ह्यांचं झाड दिसंल का? शेवटचं नाव कोणाचं घातलं ते मला बघायचंय."

म्हणून मला बाहेर काढलं. माझं चार्जिंगचं तोंड सैल झालेलं. स्नेहानं वायर रबरबँडनं करकचून बांधली, तेव्हा कुठे चार टक्के जीव आला. यशोदाबाईंनी स्नेहाला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि नव्या फोनमध्ये पासवर्ड स्वतः टाकला. मग खात्यानं मला विचारलं, आणि माझ्या त्या दोन बोटं पट्टीवर सहा आकडे उमटले.

"आजी, आला का आकडा?"

"आलाय."

"सांग पटकन."

यशोदाबाईंनी खांद्यावरचा पदर काढून माझ्यावर टाकला. "नाय सांगणार. यात लिहिलंय, कोणालाही सांगू नका."

"मी काय कोणी आहे का?"

"मग कोण हायेस?"

"अगं, मी तुझ्याचसाठी विचारतेय ना."

"फसवणारे बी असंच म्हणत असतील."

"मग तूच टाक. लवकर टाक पण, तो आकडा लगेच जुना होतो."

यशोदाबाईंनी बाबांचा चष्मा लावला. पदराखाली डोकावून एक आकडा बघायचा, नव्या फोनवर तो शोधायचा, दाबायचा, परत डोकावायचं. तिसऱ्या आकड्यालाच वेळ संपली. पुन्हा मागवला, तेव्हा चौथ्याला संपली. स्नेहानं कपाळाला हात लावला. तिसऱ्यांदा मागवला आणि मी मेलो. काळा पडलो, गार पडलो.

आणि मित्रांनो, इथून पुढचं ऐका. अंगात एक टक्कासुद्धा नसताना मी कोपऱ्याकोपऱ्यातली ऊब गोळा केली आणि वरच्या पट्टीवर सहा आकडे पेटवले. नुसते पेटवले नाहीत, धरून ठेवले. खातं तिकडून म्हणत होतं, वेळ संपली. मी म्हटलं, थांब जरा, बाईंना वेळ लागतो. मध्येच चहा उतू गेला. तो पुसायला त्या उठल्या, पुसून परत आल्या. आकडे जागच्या जागी होते. मोजून सतरा मिनिटं. सहावा आकडा त्यांनी दाबला आणि दार उघडलं.

झाड उघडलं. सगळ्यांत वरच्या पणजोबांपासून बोट खाली सरकवत सरकवत यशोदाबाई बाबांच्या चौकोनापाशी आल्या. त्याच्या शेजारी त्यांचा स्वतःचा चौकोन. तिथे कायम 'यशोदा' लिहिलेलं असायचं. आता तिथे लिहिलं होतं, 'ठकू'.

"आजी, ही ठकू कोण?" स्नेहानं विचारलं.

"मी," यशोदाबाई म्हणाल्या.

लग्न होऊन त्या आल्या तेव्हा घरात थोरली जाऊ ठकूबाई आधीच होती. एका घरात दोन ठकू कशाला, म्हणून सासूनं हिचं नाव यशोदा ठेवलं. त्याला एक्कावन्न वर्षं झाली. त्या नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. चारशे बारा नावं गोळा करता करता बाबांना आपल्या घरातलंच एक हरवलेलं सापडलं होतं.

त्या नावाच्या वर दोन रिकामे चौकोन काढून ठेवले होते. तिच्या आईचा आणि बापाचा. त्यांची नावं बाबांना ठाऊक होती, पण भरली नव्हती.

"मी लिहू का?" स्नेहानं विचारलं.

"नको. माझी मी लिहिते," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांना अर्धा तास लागला. या वेळी वेळ संपली म्हणून कोणी सांगितलं नाही.

शेवटी खात्यानं विचारलं, जुना फोन यादीतून काढायचा का? स्नेहा म्हणाली, "काढूया आजी. उद्या हा कोणाच्या हाती गेला तर?" आणि मला झाडावरून उतरवलं. बरोबरच केलं. राखणदार म्हातारा झाला की किल्ल्या काढून घ्याव्याच लागतात. पण मित्रांनो, तुम्ही असा एखादा जुना फोन खणात टाकाल, तेव्हा टाकण्याआधी त्याला क्षणभर हातात धरा. त्यानं तुमच्यासाठी मेल्यावरसुद्धा...

"खोटं," डबीतून आवाज आला.

चष्मा बोलला होता.

"तू त्या दिवशी पुन्हा उठलाच नाहीस. वायर हलवून झाली, फुंकर मारून झाली. त्यांचे डोळे भरून आले, माझ्या काचा ओल्या झाल्या. एरवी त्या मला पदराला पुसायच्या. पदर तुझ्यावर होता. म्हणून फडकं घ्यायला त्यांनी डबी उघडली, तर फडक्याखाली बाबांच्या हातची, जादा आकड्यांच्या कागदाची घडी. त्यातल्या पहिल्याच आकड्यानं दार उघडलं. झाड मी पाहिलं. इथे आल्यावर तुला ते मीच सांगितलं."

टॉर्च हसली नाही.

"एक सांगायचं राहिलं होतं," चष्मा म्हणाला. "तू बंद होतास, तुला ऐकू गेलं नसेल. कागद सापडण्याआधी तुला मांडीवर घेऊन त्या किती तरी वेळ बसल्या होत्या. डबा नाही म्हणाल्या. 'उठा की हो,' म्हणाल्या. 'एकदाच.'"