भरणीचं पिंप

खिळ्यावरची किल्ली किणकिणली आणि सेव्हरीनचा श्वास अडकला. तासभर थोपटून आत्ता कुठं बाळाचा डोळा लागला होता. तिच्या छातीशी शालीत बांधलेलं ते चार महिन्यांचं गाठोडं जरासं हललं, झोपेतच ओठांनी चुटचुट केली आणि पुन्हा निजलं.

किल्ली तळघराची होती. शुक्रवार होता, म्हणजे सासरे पिंपं भरायला खाली निघाले असणार. लाकूड दर आठवड्याला थोडी वाइन पिऊन टाकतं, वर पोकळी राहते आणि त्या पोकळीत हवा बसली की वाइन आंबते. म्हणून दर शुक्रवारी प्रत्येक पिंप पुन्हा काठोकाठ भरायचं.

बाळ झाल्यापासून ती खाली गेलीच नव्हती. "ओल आहे, पायऱ्या निसरड्या आहेत. तू बाळाकडं बघ, पिंपांकडं मी बघतो," असं ऑक्ताव्ह, तिचे सासरे, म्हणाले होते. तिला तेव्हा भरून आलं होतं.

पण उद्या तिला तीन बाटल्या भरून न्यायच्या होत्या. गावातले नऊ द्राक्षवाले उद्या तिची वाइन चाखणार होते. ही चव शेजारच्या मातीची नाही, असं त्यांनी मान्य केलं की लेबलावर तिच्या तुकड्याचं नाव लागणार होतं. ला क्रे, म्हणजे खडू. चढावरचा पांढऱ्या भुरभुरीत मातीचा तो तुकडा तिच्या आईचा. सातव्या महिन्यात, पोट सावरत, घडन् घड तिनं स्वतः उतरवला होता. पिंप भरलं ते एकच.

"लीझ, चल गं. हळू ये."

सहा वर्षांची लीझ आईचा झगा धरून मागोमाग उतरली.

खाली ऑक्ताव्ह तिच्याच पिंपापाशी वाकले होते. बूच काढलेलं, नळी आत, हातातल्या काचेच्या बुधल्यात वाइन उतरत होती. पिंपावर तिनं लिहिलेल्या नावावर खडूची मोठी फुली होती.

त्या फुलीचा अर्थ गावातलं पोरही सांगेल. प्रत्येक तळघरात एक पिंप भरणीचं असतं. ज्या वाइनचं काही खरं नाही, ती त्यात ठेवायची आणि बाकीची पिंपं त्यातून भरायची.

"बाबा, ही फुली कोणी मारली?"

"मी. का, खडू परत हवाय तुला?"

तिनं बोटांनी पिंप वाजवलं. वरून वाजवलं, मधे वाजवलं, पार गुडघ्यापर्यंत खाली आली. सगळीकडं पोकळ.

"अर्ध्याच्या वर रिकामं आहे हे!"

"मग काय करू? नदीकाठच्या मळ्यावर हिव पडलं, यंदा भरणीला काही उरलं नाही. माझी सोळा पिंपं उघडी टाकू? तुझं हे एक सुटं होतं, घेतलं. घरातलंच तर आहे."

"घरातलं? आईचा तुकडा आहे तो!"

"ओरडू नकोस सूनबाई, बाळ उठेल."

ती ओरडली नव्हतीच. बाळासाठी तिनं राग ओठांतच धरून ठेवला होता, आणि तो आत उकळत होता. तिनं नळीतून थोडी वाइन पेल्यात घेतली. नाकाजवळ नेताच कळलं. आंबलेली. सोळा आठवडे हवा खात बसलेली वाइन दुसरं काय होणार? मग सासऱ्यांच्या पहिल्या पिंपाचं बूच काढून तिनं तिथली चाखली. जिभेच्या टोकाला ओल्या दगडासारखं काहीतरी खरखरलं. तिनं ते लगेच ओळखलं.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "तुमच्या मळ्यात ही चव कधीच नव्हती."

"तेच तर!" ऑक्ताव्ह हसले. "परवा तो व्यापारी म्हणाला, ऑक्ताव्ह, यंदा काय धार आहे! तुझी वाइन वाया नाही गेली पोरी, माझी सगळी पिंपं सुधारली तिनं."

"उद्या नऊ जणांसमोर सांगते मी हे."

"सांग की. बाटली कुठली दाखवशील?"

तेवढ्यात पायऱ्यांवर बूट वाजले. तिचा नवरा बास्त्यां छाटणीची कात्री घेऊन उतरत होता. "बाबा, कंबर दुखतेय ना, मग खाली कशाला आलात? गेल्या तीन शुक्रवारांसारखं आजही मीच भरलं अस–"

तो तिला बघून थांबला.

"तूसुद्धा?" सेव्हरीन म्हणाली.

"तू आधीच दमलेली होतीस. म्हटलं, पुढच्या वर्षी करशील. एक वर्ष काय..."

"एक वर्ष काय? बास्त्यां, पोट धरून मी ओणवी होत होते तेव्हा टोपली तूच उचलत होतास. तुला माहीत होतं."

तो कात्री उघडत-मिटत राहिला. तिनं सासऱ्यांच्या हातातला बुधला काढून घेतला आणि फरशीवर पालथा केला. भळभळ करत सगळी वाइन दगडांच्या फटींत गेली. ऑक्ताव्ह "अगं, अगं" करत पुढं झाले.

"आता तुमची सोळा पिंपं कशानं भरायची ते तुम्ही बघा. माझ्या पिंपाला हात लावायचा नाही. आंबलं असलं तरी ते माझं आहे."

तिनं आपल्या पिंपाचं बूच तळहातानं ठोकून बसवलं. शालीतलं बाळ दचकून जागं झालं आणि रडू लागलं. त्याच्या डोक्यावर ओठ टेकवत ती पायऱ्या चढू लागली. लीझनं तिचा झगा सोडला नव्हता.

"आई, पुढच्या वर्षीची वाइन पण इथंच ठेवायची?"