पळसाच्या पलीकडचे पंचाहत्तर फूट

मित्रांनो, मी मोजणीची एक जुनी साखळी आहे. जमीन मोजायची. वय विचाराल तर सांगेन, पण लांबी विचारू नका. कागदावर मी तेहतीस फूट. प्रत्यक्षात किती, ते पुढे कळेलच. या गोष्टीत सगळ्यात मोठी चूक माझीच आहे आणि तीच मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीतला. जाड तारेच्या कांड्या, त्यांना जोडणाऱ्या कड्या, दोन्ही टोकांना पितळी मुठी. माझे सोळा भाग. एकेका भागाला एक आणा म्हणत आणि प्रत्येक आण्यावर पितळेचा बिल्ला. माझ्या एका लांबीएवढा चौरस म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. हिशेब साधा, पण त्यापायी सख्ख्या भावांना मी एकमेकांचे सदरे फाडताना पाहिले आहे.

मी मोजणीदार बबनरावांच्या हाती आले तेव्हा नवी कोरी होते. बबनराव अंगाने रुंद, डोक्यावर टोपी, बोलण्यात खडीसाखर आणि कामात घाई. पुढचे टोक धरायला इंझोरीचा ग्यानबा. त्याच्या कमरेला दहा लोखंडी खुंट्या. मला ताणायचे, टोकाशी खुंटी रोवायची, पुढे चालायचे. मागून येणाऱ्या बबनरावांनी खुंट्या गोळा करायच्या. दहा जमल्या की दहा साखळ्या झाल्या. मग खुंट्या पुन्हा ग्यानबाकडे.

वाशीमकडच्या शेतांतून मी वर्षानुवर्षे अशी फिरले. धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोणी रात्रीतून सरकवला, कोणी हद्दीच्या दगडाला देव करून शेंदूर फासला, सगळे मला ठाऊक. मी जमिनीवर पडले की माणसे गप्प होत. साखळी खोटे बोलत नाही, असे लोक म्हणायचे. ऐकून मला बरे वाटायचे. कौतुक कोणाला नको असते?

कचेरीच्या अंगणात दोन दगड पुरलेले होते, बरोबर तेहतीस फुटांवर. कामावर निघण्याआधी मला त्या दगडांशी ताडून पाहायचे, असा नियम होता. पहिली काही वर्षे बबनरावांनी तो पाळला. मग रोजचे आठवड्यावर गेले, आठवड्याचे महिन्यावर. ग्यानबाने आठवण केली की म्हणत, "अरे, परवाच तं पाह्यली. एका रातीत काय लेकरू हाय वाढाले?"

लेकरू नव्हते, पण वाढले मात्र. त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यात जऊळक्याच्या वाटेवर एका मोठ्या साहेबांची जीप काळ्या मातीत चाकाच्या आसापर्यंत रुतली. दोर दोनदा तुटला. तेव्हा बबनरावांनी मला काढले, दुहेरी केले आणि बैलजोडीला जुंपले. माझी एकेक कडी ओरडली. जीप निघाली. साहेबांनी बबनरावांची पाठ थोपटली, बबनरावांनी माझी. "लोखंड पाहा साहेब, लोखंड!" त्या दिवसाएवढे कौतुक माझे पुन्हा झाले नाही. आणि त्याच दिवशी मी अर्ध्या फुटाने लांब झाले. कड्या उघडल्या, कांड्या ताणल्या. पाहणाऱ्याला काही दिसले नाही. त्यानंतर दगडांशी मला कोणी नेले नाही.

आता इंद्रभानची ओळख करून देते. तो वनपाल. छप्पन साली त्याच्या घराने बौद्ध धम्म घेतला तेव्हा तो शाळेत होता आणि घरातला पहिला नोकरदार तोच. जंगलखात्याने त्याला एक काम दिले होते. इंझोरीजवळ पांढरीचा माळ नावाचा सरकारी गवताचा माळ होता. त्यावर काळविटांचा कळप होता. त्यातला किती भाग राखायचा, कुठून कुठवर, कशा रीतीने, याचा आराखडा त्याने करायचा आणि चैत्राआधी वर पाठवायचा. त्यानंतर सहा-सात महिन्यांत उरलेल्या माळावर नांगर फिरणार होता. थोडक्यात काय, रेघेच्या आत ते वाचले, बाहेर ते गेले.

दोन वर्षे इंद्रभान वही घेऊन माळावर बसला. खूर मोजले, लेंड्या मोजल्या, पाणवठ्यावर येणारे प्रत्येक जनावर मोजले. बासष्ट भरली. गावात लोक हसायचे. "हरणं गवत खाऊन राह्यली आन् हा बाप्पा ऊन खाऊन राह्यला!" इंद्रभानही हसायचा आणि आकडा लिहायचा. माणूस मनापासून काम करणारा. पण त्याने मोजले ते पाणवठ्याभोवती, म्हणून त्याच्या नकाशातली रेघही पाणवठ्याभोवती. एक गोष्ट त्याला उमगत नव्हती. फाल्गुनात कळपातल्या माद्या कुठे नाहीशा होतात? पाडसे कुठे जन्मतात?

त्याने ज्याला त्याला विचारले. सोजरबाईलाही विचारले.

सोजरबाई इंझोरीची. नवरा नाही, शेत नाही. एक म्हैस आणि हातात विळा. माळाच्या दक्षिण टोकाला एक पळस होता. त्याच्या पलीकडे खोलगट जागा. तिथे पवन्या गवत कमरेएवढे वाढे. दिवाळीपासून होळीपर्यंत ती तेच गवत कापून गावात भारे घाली. तिची चूल आणि म्हशीची गव्हाण दोन्ही त्या खोलगटीवर.

"सोजरमावशी, हरणी पाडसं कुठी ठेवतात वं?" इंद्रभानने विचारले होते.

"मले काय मालूम बापा! मी काय तिची सुईण हाय?"

मित्रांनो, एवढी वर्षे मी माणसे मोजली आहेत. ज्याला काही लपवायचे असते तो नेमका त्या जागेकडे पाहत नाही. सोजरबाई बोलताना उत्तरेला पाहत होती, पश्चिमेला पाहत होती, आभाळाकडेही पाहत होती. पळसाकडे एकदाही नाही. तिला ठाऊक होते. पण सांगितले तर ती जागा रेघेच्या आत जाणार आणि रेघेच्या आत विळ्याला बंदी. बाहेर नांगर फिरणार, हे तिला कोणी सांगितले नव्हते. कळपाचे सांगावे तर आपले जाते. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही लोखंडासारखी गप्प बसले असते.

चौऱ्याहत्तरच्या फाल्गुनात मोजणी निघाली. नकाशात लिहिले होते: उत्तरेच्या दगडाच्या ढिगापासून सरळ दक्षिणेला दीडशे साखळ्या, पळसाच्या अलीकडे शेवटचा खांब. ग्यानबा पुढे, बबनराव मागे, इंद्रभान बाजूने. आणि काटक्या वेचायचे निमित्त करून सोजरबाई हातात विळा घेऊन बरोबर. तिला आपल्या डोळ्यांनी पाहायचे होते, रेघ पळसाशी थांबते की नाही.

सकाळभर मी ताणले गेले, सुटले, पुन्हा ताणले गेले. शंभर झाल्या. एकशे तीस झाल्या. एकशे सत्तेचाळीसवर पळस जवळ आला. एकशे अठ्ठेचाळीसला ग्यानबा त्याच्या बुंध्याला टेकला. अजून दोन बाकी.

बबनराव थबकले. "नकाशात तं पळस पुढं हाय. झाड काय चालत आलं काय रे?"

"मालक, झाड नाही चालत. आपलंच काहीतरी..." ग्यानबा म्हणाला.

"तू खुंट्या चुकला असशीन! चाल, दोन टाक, मंग पाहू."

सोजरबाईचा चेहरा उतरला. "अवो बबनरावभाऊ, पळसापाशी थांबाचं होतं न? आता कुठी चालले?"

"साखळी जाईन तिथी," बबनराव म्हणाले. "साखळी खोटं बोलत नाही, मावशी."

मी खोटेच बोलत होते. दर साखळीमागे अर्धा फूट. दीडशे साखळ्यांचे पंचाहत्तर फूट. मला ठाऊक होते आणि सांगायला तोंड नव्हते.

एकशे एकोणपन्नासावी पडली. शेवटची पडायची म्हणून ग्यानबा मला ओढत पळसापलीकडच्या गवतात शिरला. मी सरपटत, खडखडत आत गेले. आणि एकाएकी माझ्या नवव्या आण्याला काहीतरी ऊबदार लागले. दगड नाही, मूळ नाही. धडधडणारे काही. वाळक्या गवताच्या रंगाचे, माझ्या एका कांडीहून लहान तोंडाचे एक पाडस, जमिनीला चिकटलेले. ते हलले नाही. जगायचे असेल तर हलू नको, एवढेच त्याला शिकवलेले. ग्यानबाने मूठ घट्ट केली. आता तो हिसका देणार आणि मी त्या कोवळ्या पायांवरून करकचून जाणार.

"थांब! ग्यानबा, सोड थे! सोड म्हंतो न!" सोजरबाई ओरडली.

ती धावत आली. तिने विळा फेकला आणि दोन्ही हातांनी मला धरून वर उचलले. तिच्या तळव्याला माझी कडी कापली.

सगळे जमले. पाडस तसेच पडून.

इंद्रभानने हळू आवाजात विचारले, "मावशी, तुले इतक्या दुरून दिसलं कसं?"

ती खाली बसली. "दिसलं नाही. मालूम होतं." मग बोटाने दूर दाखवले. माळावर एकटी हरणी उभी होती. तोंड पलीकडे फिरवलेले. "थे पाह, माय त्याची. तिकडं पाहून राह्यली. इकडं पाह्यलं तं कोल्ह्याले समजते, लेकरू कुठी हाय थे. म्हणून पाहत नाही. सगळ्याइची पाडसं इथीच राह्यतात. दर साली."

इंद्रभानने आधी पळसाकडे पाहिले, मग तिच्याकडे. बहुधा त्यालाही आठवले असावे, पळसाकडे न पाहणारी ती बाई.

तिसऱ्या प्रहरी मला कचेरीत नेऊन दगडांशी ताडले. पितळी मूठ दगडाच्या पुढे अर्धा फूट. ग्यानबा म्हणाला, "जीप!" बबनरावांनी टोपी काढली, डोके खाजवले. माणूस लबाड नव्हता, आळशी होता. दोहोंत फरक आहे, पण जमिनीला तो कळत नाही.

दुसऱ्या दिवशी नवी साखळी घेऊन सगळे माळावर आले. मला पुरावा म्हणून आणले होते. खऱ्या मापाने शेवटचा खांब पळसाच्या अलीकडेच येत होता. बबनराव उत्साहाने म्हणाले, "घ्या! नकाशा बराबर, मावशीचं गवत बाहीर. मिटलं सारं."

"मिटलं नाही," इंद्रभान म्हणाला. "पळसापलीकडं नांगर लागला तं पाडसं कुठी जातीन? बासष्ट मोजली मी. पाळणाच बाहीर ठेवला तं मी राखून काय राह्यलो?"

"मंग घे आत!" सोजरबाई उसळली. "घे! पण एक सांग मले, साहेब. दोन साल झाले तू लिहून राह्यला. हरणं लिहिली, पाणी लिहिलं, बोरीबाभळी लिहिल्या. मी रोज तुझ्यासमोरून जातो भारा घेऊन. मले काहून नाही लिहिलं?"

इंद्रभानने वही उघडली, तिच्यापुढे बसला आणि म्हणाला, "सांग. पहिल्यापासून सांग."

तिने सांगितले. गवत कधी पिकते, कुठले कापले तर पुन्हा येते, माद्या कधी आत शिरतात. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापले तर पाडसांना धक्का नाही. त्यानंतर मात्र पाय नको. आणि दर साली तिसरा हिस्सा उभाच ठेवायचा, लपायला. संक्रांत ते होळी, हा दोन महिन्यांचा चारा तिने स्वतःच्या तोंडाने सोडला. लिहिताना इंद्रभानची लेखणी तिथे थांबली.

"मावशी, हे तुले जड जाईन."

"जाईन तं जाईन. लिही."

आराखडा नव्याने लिहिला गेला. पळसापलीकडची खोलगट जागा आत, आणि कापणीचा हक्क सोजरबाईसकट इंझोरीच्या गवत कापणाऱ्या बायकांचा, नेमलेल्या महिन्यांत. कागद वर गेला, दोनदा परत आला. "वनात विळा कशाला?" असा शेरा मारून. इंद्रभानने दोनदा तेच उत्तर लिहिले: विळा होता म्हणूनच पाडसे सापडली. तिसऱ्यांदा कागद मंजूर होऊन आला. नांगर पळसापासून लांब राहिला.

आणि माझे काय झाले? मोजणीतून मला काढून टाकले. अडगळीत दोन पावसाळे गेले, गंज चढला. साखळी खोटे बोलत नाही म्हणणाऱ्यांपैकी कोणी डोकावलेही नाही. शेवटी सोजरबाईच आली. "थे लांब झालेली कुठी हाय?" खोलगटीत शिरायच्या गाडीवाटेवर दोन खांब पुरले होते. संक्रांतीला वाट बंद करायला काहीतरी हवे होते. तेव्हापासून मी तिथे आहे. संक्रांतीला ती मला आकड्यात अडकवते, दिवाळीला सोडते. इथे अर्धा फूट जास्त असल्याचे कोणाला वाईट वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागते. जे राखायचे ठरवाल त्याच्या वाटेवर रोज चालणाऱ्या माणसाला आधी विचारा. आणि हातातले माप कितीही कौतुकाचे असो, निघण्यापूर्वी ते दगडाशी ताडून पाहा. प्रत्येक वेळी चुकलेली साखळी पाडसापाशीच नेईल असे नाही.

परवाच्या फाल्गुनात सोजरबाई भर दुपारी आली. साल कोरडे गेले होते. म्हशीची गव्हाण रिकामी होती, हे मला तिच्या चालीवरून कळले. कमरेला विळा. आत पवन्या वाऱ्यावर सळसळत होते, तिसरा हिस्सा, न कापलेला. आसपास कोणी नव्हते. तिने माझ्या आकड्यावर हात ठेवला. मला तो हात ओळखीचा, कडीने कापल्याचा वण अजून आहे.

तिने आकडा अर्धा उचलला आणि पुन्हा खाली बसवला. मग हात काढला आणि गवताकडे पाठ करून, दूर उभ्या हरणीसारखे तोंड पलीकडे फिरवून, गावाकडे चालू लागली.