पिवळा घट्ट होईपर्यंत

न्नेवी गावात एक्वुतोसीच्या शेडमध्ये बोल्टांना जस्ताचा मुलामा चढायचा आणि त्यावर क्रोमेटचा पिवळा थर बसायचा. उन्हात धरला की त्यात हिरवी-गुलाबी झाक खेळायची. गंजाला दाराबाहेर ठेवणारा राखणदार तोच. पण ताजा असताना अगदी तान्हा. नुसत्या अंगठ्याने पुसला जाई. घट्ट व्हायला एक रात्र द्यावीच लागे.

या खेपेला एक्वुतोसीबाईने भलतंच धाडस केलं होतं. बाजारात गावचा माल परदेशी नावाच्या खोक्यात घालून खपवायची रीत. हिने प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर 'न्नेवी' ठोकून घेतलं होतं.

"हा माल परत आला ना वहिनी, तर भंगारवालासुद्धा दारात उभं करणार नाही," दीर म्हणाला होता.

आणि हा माल घेणारा, एनुगू शहरात बसगाड्या बांधणारा मादुआबुची ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच येऊन टपकला. लाल टोपीचा मानकरी माणूस. ट्रे नुकतेच सुकायला ठेवले होते.

"माल दाखव, पोरी. आणि हे डोक्यावर नाव कशाला? गिऱ्हाईक वाचून पळतं."

'उद्या या' म्हणायची सोय नव्हती. गावठी कारागिरांचं 'उद्या' ऐकून त्याचे कान किटले होते. एक्वुतोसी गोड हसली.

"ओगा, आधी कोलाचं बी. पाहुण्यासमोर कोला फोडल्याशिवाय बोलणी कसली?"

बाईमाणसाने कोला फोडायचा नसतो, म्हणून तिने शेजारच्या ओक्वुदिलीबाबांना बोलावलं. बाबा कोला फोडण्याआधीच्या प्रार्थनेला लागले की खापरपणजोबापासून एकेकाला नावानिशी हाक मारत. दिवस मावळायचा, मग पाहुणा मुक्कामच करील, असा तिचा हिशेब. बाबांना पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

"चुक्वू देवा, सगळ्यांना आरोग्य दे," बाबा म्हणाले. "बाकीचं तुला ठाऊकच आहे." आणि कट्कन कोला फोडला.

"बाबा, एवढंच?"

"घरी सूप निवतंय गं."

मादुआबुची उठला तो थेट ट्रेकडे. अंगठा पुढे झाला.

"हात मागे घ्या!"

लाल टोपीवर कोणी असं खेकसत नसे. शेडमधली माणसं जागच्या जागी थिजली.

"कच्चा आहे तो," एक्वुतोसी म्हणाली. आता लपवाछपवी पुरे झाली होती. "आज हात लावलात तर निघेल. उद्या सकाळी किल्लीने खरवडा. उतरला तर सगळा माल मी माझ्या हाताने भंगारात घालीन, गावाच्या नावासकट."

"पुन्हा उद्या! तुमच्या न्नेवीत उद्या कधी उजाडतं का?"

"माझ्याकडे उजाडतं."

तो गुरगुरला, पण राहिला.

सकाळी त्याने अंगठा घासला. मग रुमाल. मग किल्ली काढून बोल्टाच्या डोक्यावरून जोर लावून ओढली. पिवळा जागचा हलला नाही. एक्वुतोसीला मान ताठ ठेवायचा प्रयत्नसुद्धा करावा लागला नाही.

मादुआबुचीने बोल्ट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"पुढच्या खेपेला," तो म्हणाला, "अक्षरं जरा मोठी ठोक. गिऱ्हाइकाला बसखाली वाकवून वाचायला लावणार आहे मी."