कुणाचं पोर खोकतंय?

"सिस्टर, ते खोकणारं पोर आधी आत पाठवा! बाकीच्यांपासून लांब ठेवा त्याला!" भिंतीपलीकडून डॉक्टर ओरडले.

मोठ्या सिस्टर बेसिनची कड धरून उभ्या होत्या. लसींच्या खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. उबळ ओसरल्यावर श्वास आत ओढताना घशातून निघालेला तो लांब, चिरका आवाज त्यांनीही ऐकला होता. तीस वर्षं त्या आवाजावरून त्यांनी रांगेतली पोरं हेरून बाजूला काढली होती. डॉक्टरांचं निदान बरोबर होतं, फक्त पोर नव्हतं.

"पोर नाहीये, डॉक्टर. मीच आहे."

खुर्ची सरकली. त्यांच्या लेकाच्या वयाचे डॉक्टर मास्क बांधत दारात आले.

"कधीपासून?"

"सर्दी दहा-बारा दिवस. खोकला चार दिवस. म्हटलं, हवा बदललीय."

"डांग्या खोकल्याचा बूस्टर घेतलाय ना? यादीत खूण आहे तुमच्यापुढे."

दोन वर्षांपूर्वी सिस्टरांनीच सगळ्या दवाखान्याला धरून धरून टोचलं होतं. केर काढणाऱ्या मावशी सुईच्या धास्तीनं न्हाणीघरात कडी लावून बसल्या, तर त्यांनाही गोड बोलून बाहेर काढलं होतं. सगळ्यांपुढे खुणा केल्या आणि त्याच झपाट्यात स्वतःच्या नावापुढेही एक ओढली. फ्रिजची किल्ली आपल्याच कमरेला, आपण कुठं पळून जातोय, उद्या घेऊ! तो उद्या काही उगवला नाही.

"खूण मीच केली. टोचून घ्यायचं राहिलं."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. "पाच दिवस ह्या घ्यायच्या आणि पाच दिवस घराबाहेर पडायचं नाही. आता गेल्या दोन आठवड्यांत कुणाकुणाला हात लावलात, त्यांची यादी काढू."

यादी निघायच्या आधीच सिस्टरांना एक नाव आठवलं होतं. ठकी! शिवणवालीची लेक. आज पाच आठवड्यांची, म्हणजे पहिल्या डोसाला अजून आठवडा बाकी. आठ दिवसांपूर्वी वजनाला आणली, तेव्हा त्यांनी तिला खांद्यावर घेऊन दोन फेऱ्या मारल्या होत्या. स्वतःचं नाक गळत होतं, ते मनगटानं पुसलं होतं.

शिवणवाली फोन उचलेना. मशीन चालू असलं की तिला काही ऐकू यायचं नाही.

"मी कुणाला तरी पाठवतो," डॉक्टर म्हणाले.

"नको. मीच सांगते. लांबून सांगेन. तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात कळवून ठेवा."

दोन गल्ल्यांचं अंतर त्यांनी भराभर कापलं. एवढी तान्ही पोरं त्या आवाजात खोकत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. ती गुपचूप श्वास घ्यायचं थांबतात. आयुष्यात त्या इतक्या कधी भ्याल्या नव्हत्या, स्वतःच्या बाळंतपणातही नाही.

"या की सिस्टर! अशा बाहेरच का?" गळ्यात टेप अडकवलेल्या शिवणवालीनं नेहमीसारखी ठकी पुढे केली.

सिस्टर दोन्ही हात पाठीमागे बांधून पायरी उतरल्या. "माझ्याजवळ आणू नकोस तिला. दूध कशी पितेय?"

"कालपासून जरा ठसकतेय. पिता पिता मध्येच थांबते, ओठ काळेनिळे होतात, मग पुन्हा लागते. सासूबाई म्हणतात, हावरी आहे."

सिस्टरांनी कठडा धरला. "आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात ने. बहुतेक डांग्या खोकला आहे."

"अहो, कुठून होईल? उंबरठ्याबाहेर नेली नाही मी तिला. वजनाला तेवढी तुमच्याकडे..."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याकडूनच."

शिवणवालीनं ठकीला छातीशी ओढून घेतलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती मशीनवरचा दिवा तसाच ठेवून रिक्षाकडे धावली.

पाच दिवस सिस्टर घरात कोंडून राहिल्या. फोन वाजला की पहिल्या घंटीलाच उचलायच्या. ठकीचा श्वास दोनदा थांबला. मग ऑक्सिजन लावला. मग एक अख्खा दिवस काहीच कळलं नाही, त्या दिवशी त्यांनी अन्नाला हात लावला नाही. नवव्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "ठकीची ऑक्सिजनची नळी काढली. पितेय." त्या तिथंच जमिनीवर बसून रडल्या.

दोन महिन्यांनी शिवणवाली ठकीला डोसाला घेऊन आली. रांगेत तिचा नंबर लागला तेव्हा ती मोठ्या सिस्टरांकडे न बघता धाकट्या सिस्टरांना म्हणाली, "तुम्ही टोचा."

मोठ्या सिस्टरांनी फ्रिज उघडला, तापमान पाहिलं, बाटलीवरची तारीख दोनदा वाचली आणि बाटली धाकटीच्या हातात दिली. मग पलीकडच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. समोर ती यादी टांगलेली होती. त्यांच्या नावापुढची जुनी खूण खोडून शेजारी खरी तारीख लिहिलेली होती.

सुई लागली तशी भिंतीपलीकडे ठकीनं भोकाड पसरलं. सिस्टरांनी भिंतीला कान लावला. एक लांब किंकाळी, मग श्वास. पुन्हा किंकाळी, पुन्हा श्वास. रडणं थांबेपर्यंत त्या श्वास मोजत राहिल्या.