भेग पडलेल्या बोरूची कबुली

मित्रांनो, ती भाजीची सुरी आधी पलीकडं ठेवा. ठेवली? आता बोलतो.

मी एक जुना बोरू आहे. पाणथळ जागेत वाढणारी पोकळ काडी तासून केलेली लेखणी. शाईत बुडवायची आणि कागदावर चालवायची. जन्मलो तेव्हा मी चांगला वीतभर होतो. आज तुमच्या करंगळीएवढा आहे. मधली लांबी कुठं गेली ते सांगतो, पण सांगताना मी थरथरलो तर हसू नका.

माझा जन्म दौलताबादच्या किल्ल्याच्या खंदकात झाला. शेजारी एक मगर राहायची. ती रोज सकाळी माझ्या बुंध्याला पाठ घासायची आणि मी रोज सकाळी भीतीनं अर्धा व्हायचो. त्या काळी खंदकात मगर नव्हतीच, असं काही शहाणी माणसं म्हणतात. म्हणू द्या. पाठ माझ्यावर घासली जात होती, त्यांच्यावर नाही.

एक दिवस आप्पासाहेब नावाचे गृहस्थ धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. मगर त्यांना बघून तळाशी गेली. मला वाटलं, आपण सुटलो. तेवढ्यात त्यांनी कमरेची सुरी काढली. लहानशी सुरी होती. पितळी मूठ, मुठीवर मोराचं डोकं, मोराचा एक डोळा निखळलेला. लेखणी तासायच्या अशा सुरीला कलमतराश म्हणतात. मगर परवडली असती, मित्रांनो.

आप्पासाहेब शहरात गुलमंडीच्या बाजाराजवळ बसून लोकांचे कागद मोडीत लिहून देत. मोडी म्हणजे मराठी लिहायची जुनी, पळती लिपी. आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लांब रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लटकवत जायची. मी असा पळायचो की शाई मागं राहायची आणि अक्षर पुढं जायचं. कागद संपला की खाली आप्पासाहेब लिहीत, ‘बकलम आप्पासाहेब’. म्हणजे हा कागद कुणाच्या लेखणीनं लिहिला त्याची ती खूण. लोक म्हणायचे, काय सुरेख वळण आहे! मी फुगायचो. पण टोक झिजलं की सुरी निघायची आणि माझी एक नखभर लांबी जमिनीवर पडायची. कौतुक आणि सुरी, दोन्ही एकाच हातामुळं यायची. मी कौतुक विसरायचो. सुरी मात्र कधी विसरलो नाही.

पुढं आप्पासाहेब वारले. मी त्यांच्या शिष्याकडं, तात्यासाहेबांकडं आलो. घर आवरायच्या गडबडीत ती सुरी हरवली. तात्यासाहेबांनी मला कपाळाला लावलं आणि म्हणाले, “आप्पासाहेबांच्या सुरीबिगर दुसरी सुरी याला लागणार नाय. शब्द दिला.”

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या पापाची सुरुवात त्याच आनंदातून झाली.

तीस वर्षं मला कुणी तासलं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात मी खिडकीत विसरलो गेलो आणि टोकाला केसाएवढी भेग पडली. ‘चर्र’ असा आवाज मी स्वतः ऐकला. त्या दिवसापासून अक्षराच्या शेवटी हात दाबला गेला की भेग उघडायची, शाई दोन वाटांनी जायची आणि शेपटी सापाच्या जिभेसारखी दुभंगायची. पहिल्या दिवशी तात्यासाहेबांनी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी शाई बदलली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आप्पासाहेबांचं वळण हे असंच होतं,” ते म्हणाले. “आता कुठं माझ्या हातात उतरलं.”

खरं काय ते मला माहीत होतं. पण खरं कळलं तर सुरी येईल, म्हणून मी गप्प बसलो. लेखणीचं गप्प बसणं कुणाला कळतही नाही.

तात्यासाहेबांच्या घरी दर रविवारी मोडीचा वर्ग भरायचा. सगळे विद्यार्थी जेल पेननं ती दुभंगलेली शेपटी घोटायचे. पेनला भेग नाही, तरी जीव तोडून दोन-दोन रेघा काढायचे. एक निवृत्त शिक्षिका तर पट्टी लावून काढायच्या. वर्गात कुणी एकच शेपटी काढली तर तात्यासाहेब म्हणायचे, “हे कुठलं बाहेरचं वळण? आपलं घराणं दोन शेपट्यांचं.” माझी भेग घराणं होऊन बसली, आणि मी रोज अधिक घाबरत गेलो. लहान खोटं लपवता येतं. घराणं कुठं लपवायचं?

त्यात आणखी एक भीती होती. ती सुरी हरवलीच नव्हती! माझ्या फळीवरून स्वयंपाकघर दिसतं. तात्यासाहेबांच्या पत्नी, आवडाबाई, रोज सकाळी तिच्यानं हिरव्या मिरच्या चिरत. आप्पासाहेबांच्या सामानाच्या गाठोड्यातून आलेली सुरी, धार चांगली, म्हणून त्यांनी ती वापरायला घेतली होती. कलमतराश काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तात्यासाहेब स्वयंपाकघरात फक्त जेवायला जात आणि जेवताना ताटाबाहेर बघत नसत. तीस वर्षं रोज ‘खच खच’ ऐकून मी आतल्या आत सुकत होतो.

अशात सुलेखा आली. क्रांती चौकातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात ती कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायची. तिच्या पणजोबांचा, रामकिसन यांचा, शेताच्या बांधाचा एक मोडी कागद होता. आजी लीलाबाई तो ट्रंकेबाहेर काढू देईनात, म्हणून ती मोबाइलवर फोटो घेऊन आली. फोटो धुरकट होता, तरी तात्यासाहेबांनी तो खालच्या ‘बकलम आप्पासाहेब’सकट घडघड वाचला.

“तात्या, लई लाज वाटली बघा,” सुलेखा म्हणाली. “पणजोबांचा कागद, आणि घरात एकालाबी वाचता येईना.”

“लाज कशाची? दर रविवारी ये. लाजबी जाईल आणि कागदबी वाचशील.”

ती येऊ लागली. आणि एका रविवारी तिनं माझ्या काळजाचं पाणी केलं.

“तात्या, जावा बेटावर सुंदा नावाचा मुलूख आहे. तिथली जुनी लिपी लोक विसरत चालले होते. आता तिथली पोरं जुन्या पोथ्या बघून नवे फॉन्ट करतात. मोबाइलवर चालतात ते. आपण मोडीचं वळण घेऊन आजच्या मराठीचा फॉन्ट केला तर?”

“भले! आणि ती माणसं लिहायची कशावर?”

“झाडाच्या पानांवर. बोरूनं नाय, बारीक चाकूनं कोरायची.”

चाकू! मित्रांनो, लेखणीच चाकू! त्या मुलखात माझा जन्म झाला असता तर? मी फळीवरून घरंगळलो आणि थेट सुलेखाच्या वहीवर पडलो. वारा नव्हता, कुणी धक्का दिला नव्हता. तात्यासाहेबांना तो शुभशकुन वाटला.

काम सुरू झालं. फॉन्ट लहान मुलांनाही वाचता येईल असा साधा मराठी, पण त्याची पोटं गोल आणि शेपट्या पळत्या, मोडीसारख्या. तात्यासाहेब माझ्याकडून एकेक अक्षर दहा-दहा वेळा लिहून घेत. सुलेखा ते पान यंत्रात घालून त्याचं चित्र घ्यायची. यंत्रातला पांढरा उजेड पानावर सरकू लागला की मला वाटे, आता भेग दिसणार! पण यंत्राला भेग दिसली नाही. त्याला दोन शेपट्या दिसल्या आणि सुलेखानं त्या इमानानं प्रत्येक अक्षराला लावल्या. फॉन्टचं नाव ठरलं ‘आप्पासाहेब’. शहरातला एक छापखाना त्यात मुलांच्या गोष्टींचं पुस्तक काढायला तयार झाला.

छापखान्यातून नमुन्याचं पान आलं. मोठ्या अक्षरात दिमाख होता. पण पुस्तकाच्या बारीक अक्षरात दोन शेपट्यांच्या मधे शाई भरली आणि प्रत्येक अक्षराला काळी गाठ पडली. ते पान मुंग्या चिरडल्यासारखं दिसत होतं. छापखान्याच्या मालकानं सांगितलं, “मॅडम, आठ दिवसांत नीट करा, नाही तर आम्ही आमचा नेहमीचा फॉन्ट लावतो.”

सुलेखानं तीन दिवस शेपट्या बारीक केल्या, लांब केल्या, वाकवल्या. गाठी सुटल्या नाहीत. तेव्हा तिच्या मनात आलं की, आप्पासाहेबांच्या हातचा मूळ कागद आपण डोळ्यांनी कधी पाहिलाच नाही! लीलाबाईंची मनधरणी करून तिनं पणजोबांचा कागद ट्रंकेतून काढला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तात्यासाहेबांपुढं ठेवला. त्या कागदाला मी ओळखलं. तो मीच लिहिला होता, वीतभर होतो तेव्हा. मला धावत जाऊन त्याच्यावर शाई सांडावीशी वाटली. मला पाय नव्हते, हे त्या कागदाचं नशीब.

“तात्या, रागावू नका,” सुलेखा म्हणाली.

“रागावण्यासारखं असंल तर रागावीन. बोल.”

“हे खाली काय लिहिलंय?”

“बकलम आप्पासाहेब. तवाच सांगितलं की तुला.”

“तवा मोबाइलवर होतं. आता भिंगातून शेपट्या बघा.”

तात्यासाहेबांनी भिंग लावलं. एक ओळ पाहिली. दुसरी पाहिली. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा वर आले.

“एकच हाय,” ते पुटपुटले.

“सगळ्यांची एकच हाय, तात्या. दोन शेपट्या कुठंच नाहीत.”

मग ते भिंग सावकाश माझ्याकडं वळलं. भिंगातून त्यांचा डोळा त्या मगरीच्या जबड्याएवढा दिसला. माझी भेग त्यांना विहिरीएवढी दिसली असणार.

“भेग पडलीया याला,” ते म्हणाले आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं. “म्हंजे तीस वर्षं मी भेगेला आप्पासाहेब म्हणत होतो. किती पोरांना शिकवलं गं मी हे!”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “लग्नापासून पहिली चूक कबूल केली म्हणायची.”

कुणीच हसलं नाही. सुलेखा हळूच म्हणाली, “टोक तासलं तर नीट होईल ना?”

तात्यासाहेबांनी मान हलवली. “तासता येत नाय. आप्पासाहेबांच्या सुरीबिगर सुरी लावणार नाय, असा शब्द दिलाय. आणि ती सुरी गेली.”

मी सुटकेचा श्वास सोडला. शब्द फार चांगली गोष्ट आहे, मित्रांनो. सर्वांनी दिलेला शब्द पाळावा. एवढ्यात आवडाबाईंनी विचारलं, “सुरी कशी होती ती?”

“पितळी मूठ. मोराचं डोकं. एक डोळा नव्हता मोराला.”

आवडाबाई बाहेर आल्या. हातात सुरी, सुरीला मिरचीचं बी चिकटलेलं. “ही काय?”

“अगं, ही तुझ्याकडं?”

“माझ्याकडं म्हंजे? तीस वर्षं हिच्याच मिरच्यांचा ठेचा खाताय. एकदा तरी विचारलं का, कशानं चिरतेस म्हणून?”

तात्यासाहेबांनी सुरी घेतली, कपाळाला लावली. मिरचीचा हात कपाळाला लागून डोळ्यात गेला. ते रडले ते मिरचीनं की आणखी कशानं, मला सांगता येणार नाही. त्यांनी मला पाटावर धरलं, पण डोळ्यातल्या मिरचीनं त्यांना टोक दिसेना. त्यात मला धरायला लांबीच उरली नव्हती. काप जरा खोल गेला असता तर माझे दोन तुकडे, आणि गोष्ट तिथंच संपली असती.

“तू काप,” त्यांनी सुरी सुलेखाकडं दिली.

“मी? नको तात्या. मोडला तर?”

“ठेवून दिला तरी भेग वाढणारच हाय. तिरका धर. एका झटक्यात काप. घाबरून हळू दाबशील तर वरपर्यंत चिरंल.”

ती घाबरली होती. मी तर काय, जन्माचाच घाबरट. आमच्या दोन भीती एकमेकींना टेकून उभ्या होत्या. सुलेखानं डोळे मिटले नाहीत. मी मिटले. ‘टक्’ असा आवाज आला आणि भेगेचा तुकडा वर्तमानपत्रावर पडला. दुसऱ्याच क्षणी मिरची झोंबली. आई गं! सुरी धुवायची कुणालाच आठवण राहिली नव्हती.

मला धरता येईना म्हणून सुलेखानं एका रिकाम्या स्केचपेनच्या नळीत मला घट्ट बसवलं. तात्यासाहेबांनी शाईत बुडवलं, एक लांब रेघ ओढली आणि तिच्याखाली लिहिलं, ‘बकलम’. शेपटी एकच आली. स्वच्छ, पळती, टोकाला बारीक होत गेलेली.

“हां,” ते म्हणाले. “असं लिहायचे ते.”

पुढच्या रविवारी त्यांनी भरल्या वर्गात उभं राहून सांगितलं, “दोन शेपट्यांचं घराणं वगैरे काही नाय. बोरूला भेग होती आणि माझ्या डोळ्यालाबी. सगळ्यांनी परत घोटा.” त्या निवृत्त शिक्षिका रागानं म्हणाल्या, “आणि मी पट्टीनं काढलेल्या शेपट्यांचं काय?” तेव्हा मात्र सगळे हसले, तात्यासाहेब सगळ्यांत मोठ्यानं. ते हसू ऐकून मला लाज वाटली. एवढंसं टोक वाचवायला मी या माणसाला तीस वर्षं फसवलं होतं, आणि खरं कळल्यावर तो हसू शकत होता.

सुलेखानं उरलेल्या दिवसांत सगळी अक्षरं नव्यानं काढली. पुस्तक छापलं गेलं. लीलाबाईंना अक्षरं वाचता येत नव्हती, तरी त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “आमच्या कागदावानीच हाय की.” शेवटच्या पानावर तळाशी बारीक छापलंय, ‘बकलम सुलेखा’. बारीक आहे, पण एकही गाठ नाही.

मग तात्यासाहेबांनी माझ्यासाठी मखमल लावलेली काचेची पेटी आणली. “आता याला आराम,” म्हणाले. मी आनंदानं आत शिरणारच होतो. पण मला ती उन्हाळ्यातली खिडकी आठवली. सुलेखाला बहुधा ती भेग आठवली असावी. ती म्हणाली, “तात्या, पेटीत ठेवला आणि परत भेग पडली, तर कळायचं कसं?” त्या पेटीत आता आवडाबाई वेलदोडे ठेवतात.

मी रोज लिहितो. वर्गातली नवी पोरं माझ्यानं पहिली रेघ ओढतात. टोक झिजतंय. अजून दोन काप निघतील, फार तर तीन. मला भीती वाटते, मित्रांनो, खोटं कशाला सांगू? आतापर्यंत मी तुम्हाला मगरीबद्दल जे काही सांगितलं त्यात थोडं कमी-जास्त असेल, पण भीतीबद्दल सांगितलं त्यात काडीचंही खोटं नाही.

तरी तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं काही असेल, एखादी लेखणी, एखादा कागद, एखादं विसरलेलं अक्षर, तर त्याला नुसतं कपाळाला लावून फळीवर ठेवू नका. हातात घ्या, वापरा, भिंगातून नीट बघा. भेग दिसली तर तिला घराणं म्हणू नका. कापायची वेळ आली तर एका झटक्यात कापा. आम्ही थरथरू, पण आमच्या थरथरण्याकडं लक्ष देऊ नका.

फक्त आधी ती सुरी तेवढी धुऊन घ्या.