सावरीनं खाल्लेला नान

मित्रांनो, मी एक जुनं, फाटकं पुस्तक आहे. विषय आकाशातले तारे. जन्म दुशान्बे शहरातल्या छापखान्यात. डोंगरातल्या सावरीनं मला आपल्या लेकासाठी, दिलोवरसाठी आणलं आणि पोरानं वाचून वाचून माझा फडशा पाडला! बकऱ्या वळतानाही मी त्याच्या काखेत.

"आई, ग्रहणानं कुणाचं वाईट होत नाही. नुसती सावली असते."

"बरं बाबा, शहाण्या!" म्हणत सावरी गुपचूप घरभर धुरी फिरवायची.

मग देशात आपसातलं युद्ध पेटलं. बंदूक नको म्हणून दिलोवर डोंगरात पळाला. निघताना नान रोटीचा एक घास चावला. उरलेला नान घरी जपायचा, परतल्यावर त्यानंच संपवायचा. दुसऱ्यानं खाल्ला तर माणूस परतत नाही, असं इथं मानतात. सावरीनं तो माझ्यामागे लपवला आणि पोरगा नदीत बुडाला म्हणून गावभर रडून आली.

एके सकाळी पोरांना लढायला ओढून नेणारी रजबची टोळी दार फोडून आत शिरली. हा रजब सावरीच्या हातचं जेवून वाढलेला. आधी त्यानं कुत्र्याला गोळी घातली.

"मावशी, दिलोवर कुठाय?"

"गेला रे, बुडाला."

त्यानं बंदुकीचा दस्ता तिच्या कपाळावर हाणला. रक्तानं डोळे भरले. मग तंबाखू वळायला कागद हवा म्हणून मला ओढलं, पानं टराटरा फाडली. ओढताना नान खाली पडला.

रजब हसला. "मेलेल्याचा नान कोण जपतं गं? चला रे, डोंगर पिंजून काढू!"

सावरी सरपटत आली. "मेल्या, भुकेपोटी लपवला होता मी!" म्हणत तिनं तो दगडासारखा नान रक्तासकट चावून चावून संपवला. कणसुद्धा ठेवला नाही.

"चल रजब," एक जण खाली बघत म्हणाला. "खरंच मेलाय तो. कुठली आई असं करेल?"

जाताना त्यांनी गोठा पेटवला. डोंगराकडे कोणी गेलं नाही.

युद्ध संपलं. इतरांची पोरं परतली, दिलोवर नाही. कपाळावरच्या त्या फटक्यानं सावरीला आता अक्षर दिसत नाही. मला मांडीवर घेऊन ती पुटपुटते, "मीच खाल्लं माझ्या लेकराला." माझी नुसती तडफड होते! पण मला तोंड कुठंय?

मित्रांनो, पुस्तकं फाडू नका, हे तर सांगतोच. पण इकडे आलात तर मला उघडा, सावरीशेजारी बसा आणि मोठ्यानं वाचा, "आईनं नान खाल्ल्यानं लेकरू मरत नाही." हे वाक्य माझ्यात कुठंच छापलेलं नाही. तरी बोट ठेवून वाचा.