माईक 'म' गिळतो

भाईंदर पूर्वेच्या मैदानात एका होऊ घातलेल्या नगरसेवकाने फुकट मिक्सर वाटायचं ठरवलं आणि निवेदनाचं काम स्वप्नीलला मिळालं. त्याच्या आईला, उर्मिलाबाईंना, मिक्सर नको होता. घरी दोन होते, त्यातला एक चालतही होता. पोराचा आवाज भोंग्यातून ऐकायचा म्हणून त्या बांबूच्या कठड्याला टेकून अगदी पुढे उभ्या होत्या.

मंडपवाल्याच्या माईकला एक खोड होती. तो 'म' गिळायचा. 'माझ्या मायबहिणींनो' म्हटलं की मैदानभर 'आझ्या आयबहिणींनो' ऐकू जायचं. लोक हसले. आईही हसली, म्हणून स्वप्नीलने ते मुद्दाम परत म्हटलं.

वाटप सुरू झालं तसे मागचे सरकू लागले. मागच्याला पुढचं दिसत नाही. तो बिचारा पाऊलभरच येतो, पण सगळ्यांची पावलं जाऊन थांबतात ती पुढच्या एकीच्या बरगड्यांवर. थोड्या वेळाने माणसं चालेनाशी झाली, बादलीतल्या पाण्यासारखी नुसती डुचमळू लागली. एक काका जमिनीला पाय न लावता टेबलापर्यंत पोचले आणि मिक्सर छातीशी धरून तसेच तरंगत परत गेले.

मग स्वप्नीलला आईचं तोंड दिसलं. उघडं होतं, आवाज नव्हता.

"मागे!" तो माईकमध्ये ओरडला. "मागे, मागे!"

मैदानभर गेलं, आगे, आगे.

अर्धं भाईंदर हिंदीत ऐकतं. लोकांनी निमूट ऐकलं.

चूक कळल्यावर तो 'पीछे' म्हणाला. 'प' माईकला चालत होता. पण तोवर मागे जायला मागे जागाच उरली नव्हती.

गर्दी ओसरेपर्यंत आई उभीच होती. ओसरली तेव्हा पडली. डॉक्टर म्हणाले, त्या बऱ्याच आधी गेल्या होत्या.

स्मशानात सगळी सोसायटी लोटली. चितेभोवती दाटी झाली. अग्नी द्यायच्या वेळी शेजारचे ईश्वरकाका त्याच्या कानाशी लागले, "लोकांना जरा मागे व्हायला सांग रे बाळा."

'म' म्हणायला ओठ मिटावे लागतात. स्वप्नीलने मिटले, ते उघडेनात. शेवटी त्याने दोन्ही हात वर करून तळवे लोकांपुढे हलवले.

लोकांना वाटलं, पोरगं कोसळतंय. त्याला सावरायला सगळे पुढे आले.